जागा पाहिजे

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी टॅटू काढून घ्यायचं ठरवलं, त्याला आता आठ महिने झाले. काय काढायचं हे पहिल्याच दिवशी पक्कं होतं. आजीच्या हातावर होती तशी छोटी तुळस, वृंदावनासकट. कोणाकडून काढायची तेही लेकीने दोन दिवसांत शोधून दिलं. पैसे बाजूला ठेवून झाले. गाडी अडली ती जागेपाशी. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला याचं नवल वाटायला नको. इथे लग्नं जागेपाशी अडतात, सख्ख्या भावांची बोलचाल जागेपायी बंद होते, तिथे दीड इंचाच्या तुळशीची काय कथा!

आणि खरंच, सगळा प्रकार फ्लॅट बघण्यासारखाच निघाला. तिथे दर स्क्वेअर फुटावर, इथे स्क्वेअर इंचावर. रस्त्याला लागून हवी की आत, शांत? दहा वर्षांनी भिंतींना ओल येईल का? आणि नातेवाइकांचं ते एक वाक्य, "आम्हाला आधी विचारलं असतंस तर…" फरक एवढाच की फ्लॅट नाही आवडला तर विकून बदलापूरला जाता येतं. स्वतःच्या अंगावरून बदलापूरला जायची सोय नाही.

पहिल्यांदा स्टुडिओत गेले तेव्हा तिथला मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा होता आणि त्याच्या दोन्ही हातांवर मोकळी म्हणून जागा नव्हती. एफएसआय पूर्ण वापरून झालेला. त्याने अदबीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काकू, कुठे?"

मी म्हटलं, "इथेच ना?"

"तसं नाही, अंगावर कुठे?"

एकावन्न वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. डॉक्टर 'कुठे दुखतंय' विचारतात, शिंपी 'बाही कुठपर्यंत' विचारतो. पण हे सबंध शरीर तुमचं आहे, यातली तुम्हाला आवडती जागा कोणती, असं विचारल्यावर मी गांगरले. आवडती अशी एकही आठवेना. नावडत्या मात्र चटकन पाच-सहा आठवल्या.

त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यात एक माणूस हात पसरून उभा होता आणि कुठे किती दुखेल त्याप्रमाणे त्याला रंगवलं होतं. दंडाची बाहेरची बाजू, मांडी, पोटरी हिरवी. बरगड्या, घोटा, पावलाची वरची बाजू, कोपराच्या आतला खळगा, गुडघ्याची मागची बाजू लालभडक. हिशेब सोपा होता. जिथे मांस आणि चरबी तिथे कमी दुखतं, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं किंवा कातडी नाजूक असते तिथे जीव जातो. म्हणजे गेली वीस वर्षं डॉक्टर जे कमी करा म्हणून मागे लागले होते, ते इथे चक्क माझ्या बाजूने उभं राहिलं. इतक्या वर्षांत त्याचं झालेलं हे पहिलं कौतुक. काख तर सगळ्यांत लाल होती. तिथे कोण काढून घेतं विचारलं, तर म्हणाला, "येतात काही जण." मला लगेच काखेत कळसा दिसायला लागला, आणि गावभर वळसा घालत हिंडणारे त्याचे नातेवाईक.

"घरी विचार करून येते," असं म्हणून मी उठले. साडीच्या दुकानातूनही मी असंच म्हणून उठते.

घरी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे टॅटू ज्यांना दिसला पाहिजे अशी माणसं, दुसरीकडे ज्यांना दिसता कामा नये अशी. दुसरा रकाना भराभर भरला. बँकेतले साहेब, मोठी जाऊ, गावाकडचे चुलते, सोसायटीच्या सत्यनारायणाला येणाऱ्या बायका. पहिल्या रकान्यात भिशीच्या मैत्रिणी लिहिल्या आणि पेन थांबलं. कारण भिशीच्या आणि सत्यनारायणाच्या बायका त्याच. फक्त साड्या वेगळ्या.

टॅटूच्या जागेचं सगळं शास्त्र इथे येऊन अडकतं, असं माझं मत झालं आहे. तो दिसावा, पण दिसू नये. कोणालाच दाखवायचा नसेल तर कातडी टोचून घ्यायची कशाला? आणि सगळ्यांना दाखवायचा असेल तर कपाळ मोकळंच आहे. माणसाला मधली जागा हवी असते. बाही जरा वर सरकली तर दिसेल आणि ओढली तर झाकेल अशी. मराठी मध्यमवर्गाची सगळी बंडखोरी बाही ओढून झाकता येते तेवढीच असते. यात मी आलेच.

मनगट पहिल्या फेरीतच बाद झालं. मी बँकेत कॅश काउंटरला बसते. काचेच्या खिडकीतून ग्राहकाला माझा जो भाग दिसतो तो मनगटापासून पुढचाच. पेन्शनर मंडळी नोटांवरून डोळा हलवत नाहीत. तिथे तुळस दिसली तर नोटा मोजायच्या थांबून आधी तिचीच चौकशी होईल, आणि कुणीतरी हात जोडेल. शिवाय तो मुलगा म्हणाला की बोटं, तळहात, तळपाय या जागांवर शाई टिकत नाही. घासून घासून पुसट होते. दिवसाला हजारो नोटा मोजणाऱ्या बोटांवर तर बोलायलाच नको.

मग लेकीने पाठ सुचवली. मानेच्या खाली, ब्लाउजच्या गळ्यात दिसेल अशी. तिच्या दोन मैत्रिणींनी तिथेच काढलेत म्हणे. दिसायला देखणी जागा, नाकारणार नाही. पण पाठीवरचा टॅटू म्हणजे रिक्षाच्या मागचा मजकूर. वाचणार मागून येणारा, पैसे भरणारा मात्र पुढे तोंड करून बसलेला. आपल्या पाठीवर तुळस आहे की टाकळ्याची भाजी, हे आपल्याला जन्मभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळणार. आणि लोक पाठीमागे काय बोलतात त्यावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

कानामागे तर मी स्वतःच नको म्हटलं. कानामागून आली आणि तिखट झाली, हे वाक्य आमच्या बँकेत मला नाही तरी दर प्रमोशनच्या वेळी ऐकावं लागतं.

पोटाबद्दल चर्चा झाली नाही. नवरा एवढंच म्हणाला, की तिथे काढलेला मोर दिवाळीपर्यंत शहामृग होईल. त्याला टॅटूच नको होता, पण त्याचं कारण वेगळं. तो रक्तदानवाला आहे, वर्षातून तीनदा देतो आणि तो बिल्ला शर्टाला लावून घरी येतो. टॅटू काढल्यावर आपल्याकडे वर्षभर रक्त देता येत नाही. सुईमार्फत काही संसर्ग झाला असेल तर तो उघड होईपर्यंत वाट बघायची म्हणून. मी म्हटलं, टॅटू मी काढणार आहे, तू नाहीस. तर म्हणाला, "तुलाही कधीतरी द्यावंसं वाटलं तर?" एकवीस वर्षं हा मला न्यायला बघतोय आणि माझं हिमोग्लोबिन दर वेळी मला वाचवतंय.

घोटा मला मनापासून आवडला होता. साडीत झाकलेला, चालताना झळकणारा, पैंजणाशेजारी. पण ही तुळस होती. सासूबाईंनी पोळी लाटता लाटता एकच वाक्य टाकलं, "पायावर तुळस? मग अंगणात काय लावायचं?" मुद्दा बिनतोड होता. कमरेच्या खाली देवाचं काही काढायचं नाही, हा नियम त्या मुलालाही ठाऊक होता. गणपती पोटरीवर हवा म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांशी त्याचं आठवड्याला एकदा तरी वाजतं. शिवाय विचार करा, कोणी भाची नमस्काराला वाकली तर तिचा हात थेट वृंदावनावर. नमस्कार मला की तुळशीला? अशा रीतीने कमरेखालची निम्मी इमारत एका फटक्यात बाद झाली. ओसी नसल्यासारखी.

याच सुमारास माझ्या वाचनात तो बर्फातला माणूस आला. 1991 साली इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्समध्ये फिरायला गेलेल्या एका जोडप्याला बर्फातून डोकावणारं प्रेत दिसलं. आधी वाटलं, हल्लीचाच कोणी गिर्यारोहक असेल. निघाला पाच हजार वर्षांपूर्वीचा. नाव पडलं ओत्झी. त्याच्या अंगावर एकसष्ट टॅटू मोजले गेले, सगळ्या साध्या रेघा आणि फुल्या. संशोधकांना मौज वाटली ती त्यांच्या जागांची. कंबर, गुडघे, घोटे, मनगट. आणि हाडं तपासली तर बऱ्याचशा त्याच जागी सांधे झिजलेले. म्हणजे हे मिरवण्यासाठी नसून दुखण्यावरचा इलाज असावा, असा अंदाज निघाला.

हे वाचून मला गहिवरून आलं. कंबर, गुडघे, घोटे! माझ्या बाम लावायच्या जागा त्याच, त्याच क्रमाने. पाच हजार वर्षांपूर्वी आल्प्समध्ये एका माणसाने जागेचा प्रश्न किती सरळ सोडवला होता. जिथे दुखतं तिथे. त्या हिशेबाने माझी तुळस डाव्या गुडघ्यावर आली असती, जिना चढताना जिथे कळ येते नेमकी तिथे. पण पुन्हा कमरेच्या खाली. ओत्झीला सासूबाई नसाव्यात.

माझ्या भाच्याचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणजे आता नेतो आम्ही, तेव्हा नव्हता. तो साताऱ्याकडचा, बारावीपासून भरतीच्या तयारीत, पहाटे चारला उठून पळणारा. कुठल्याशा जत्रेत मित्रांबरोबर त्याने उजव्या दंडावर 'आई' काढून घेतलं. चांगलं टपोरं, वर मोरपीस. घरी माझी बहीण इतकी रडली की तिला राग आलाय की भरून आलंय हे तिलाही कळेना. आठवड्याने त्याच्या भरती अकादमीतल्या सरांनी बाही वर करायला लावली आणि डोक्याला हात लावला.

तेव्हा मला कळलं की आपल्या देशात टॅटूच्या जागेचा सगळ्यात बारीक विचार कोणी केला असेल तर तो सरकारने. केंद्रीय पोलीस दलांच्या भरतीच्या सूचनेत लिहिलेलं असतं. टॅटू चालेल, पण परंपरेने गोंदतात त्या जागी, म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर. तोही डाव्याच हाताला. उजवा सलामीचा. आकार त्या अवयवाच्या पाव हिश्शाहून लहान. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालेल. सैन्याचा नियम थोडा सैल, कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची पाठ. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे मोकळीक. मी हे तीनदा वाचलं. आठ महिने माझ्या घरात जे जमलं नाही ते कोण्या कारकुनाने चार ओळींत बसवलं होतं. त्याने दोन रकाने आखले नसणार.

भाच्याची आई चुकीच्या हाताला, चुकीच्या बाजूला आणि चुकीच्या मापाची निघाली. मग लेझर. काळी शाई त्यातल्या त्यात बरी जाते म्हणाले, पण एका बैठकीत नाही. पाच-सहा बैठका, मध्ये महिना-दीड महिन्याची विश्रांती. काढायला लागले होते पाचशे, पुसायला एका वेळचे तीन हजार. पहिल्या बैठकीत मोरपीस फिकं झालं. तिसऱ्या बैठकीनंतर 'ई'च्या डोक्यावरची खूण गेली आणि दोन महिने तो दंडावर 'आइ' घेऊन फिरत होता. बहीण म्हणायची, "निदान माझं शुद्धलेखन तरी शेवटी पुसा रे."

ही शाई एवढी चिवट का असते, तेही मी विचारून घेतलं. वरची कातडी साधारण महिनाभरात झडून नवी येते, त्यामुळे तिथे काढलेलं टिकणारच नाही. म्हणून सुई मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत, खालच्या थरात शाई सोडते. तिथल्या पहारेकरी पेशी ती परकी वस्तू म्हणून गिळतात, पण पचवता येत नाही. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मरते तेव्हा शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळून बसते. आमच्या घरी पितळेचं एक मोठं पातेलं आहे, अगदी तसं. आजेसासूबाईंनी सासूबाईंना दिलं, सासूबाईंनी मला. वापरत कोणी नाही, मोडीत घालत कोणी नाही. माळा बदलतो, पातेलं तेच.

एवढं सगळं कळल्यावर जागा तर आणखीच सांभाळून निवडायला हवी. अशात एका रविवारी न्हाणीघरात केस पुसताना मला युक्ती सुचली. टिकली! नाही तरी मराठी बाईला टिकली अंगावरून भलतीकडे चिकटवण्याचा दांडगा अनुभव असतो. आरसा, टाइल्स, कपाटाचं दार, गादीची कड. मग एखादी स्वतःवरच का नको? जिथे टॅटू हवा तिथे टिकली लावायची, आठवडाभर वावरायचं, आणि मन काय म्हणतं ते बघायचं. मेंदी पंधरा दिवस ठाण मांडते. टिकली कशी, भाड्याच्या जागेसारखी. नाही पटली, उठलो.

पहिला आठवडा डाव्या दंडावर. मी विसरूनच गेले. मी विसरले म्हणजे जागा मला मानवली की जागेत काही दम नाही, हे ठरेना. दुसरा आठवडा गळ्याच्या हाडापाशी. तिथे मंगळसूत्राची वाटी येऊन सारखी टिकलीला धडकायची. दोघांचं एका घरात जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मानेवर. सोमवारी सकाळी लंचच्या आधीच आमच्या बँकेतल्या एका बाईंनी "अगं, तुझ्या मानेला टिकली चिकटलीय," म्हणून ती काढली, आणि फेकायला जीव होईना म्हणून माझ्या संगणकाच्या पडद्याच्या कडेला लावून ठेवली. अजून तिथेच आहे. जागा मिळाली ती तिला.

या सगळ्या काळात मला आजी आठवत होती. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर तीन, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळस आणि तिच्याखाली अक्षरं, 'ठकू'. पालच्या खंडोबाच्या यात्रेत गोंदणारणीने काढलेलं, वय सात की आठ. काजळीत बुडवलेल्या सुया, वर हळद, आणि हलू नये म्हणून दोन मावश्या पाय धरून बसलेल्या. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली नावाच्या माणसाने 1891 सालीच विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचं पेटंट घेतलं होतं. एडिसनने कचेरीतल्या कागदांच्या प्रती काढायला जी विजेची लेखणी केली होती, तिच्यावरूनच ते सुचलेलं. पण ते पाल गावी पोचेपर्यंत आजीचं गोंदून केव्हाच झालं होतं.

मजा ही, की आमच्या घरात आजीचं नाव सुलोचना. ठकू माहेरचं. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं त्याच ताटात पुसलं गेलं. रेशन कार्डावर सुलोचना, सातबाऱ्यावर सुलोचना, आजोबांच्या तोंडी तर दोन्ही नाही, नुसतंच "अगं ए". आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकदा मी शाळेत जोडाक्षरं शिकत होते तेव्हा हात पुढे करून म्हणाली, "वाच बरं, नीट लिवलंय का त्या बयेनं?" मी वाचलं, ठ-कू. म्हणाली, "हां. मग बराबर."

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या गोंदणाचीही अशीच अक्षरतपासणी झाली होती. त्याने 2000 साली डाव्या हातावर बायकोचं, व्हिक्टोरियाचं, नाव देवनागरीत काढून घेतलं आणि इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी गिल्ला केला, की त्यात एक 'ह' जास्त पडलाय. बिचाऱ्याला मराठी माणूस कोणी भेटला नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून आयुष्यभर लोकल पकडलेल्या कोणीही त्याला सांगितलं असतं, की बाबा, आमच्याकडे तो 'ह' लागतोच.

आजीवरून मी एक सिद्धान्त काढला होता. जुन्या बायकांना जागा निवडायची मुभाच नव्हती, म्हणून त्यांना असला घोळ पडला नाही. दुसऱ्याने काढला की तो दिसेल तिथे काढतो. 'दीवार' सिनेमात त्या पोराच्या हातावर बाप चोर असल्याचं गावाने गोंदलं, ते काय पाठीवर गोंदलं? आपण स्वतः काढला की झाकेल तिथे. मला हा सिद्धान्त फार आवडला होता. जेवताना मी तो सगळ्यांना ऐकवलासुद्धा.

सासूबाई ताक पीत होत्या. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मला कुणी नाही धरलं. मी स्वतः बसले."

त्यांच्या डाव्या हातावर एक हिरवट डाग आहे. लग्न होऊन आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, रोज त्या हाताने वाढलेलं खाते. पण तो डाग कसला, हे मी कधी विचारलं नव्हतं. मनातल्या मनात मी तिथे फूल धरून चालले होते.

"विंचू आहे तो," त्या म्हणाल्या.

घरात कोणी काही बोललं नाही. माझ्या सासूबाई रोज विष्णुसहस्रनाम म्हणतात, एकादशीला भगरसुद्धा मोजून खातात.

"गोंदणारीण म्हणाली, तुळस काढते. मी म्हटलं, तुळस सगळ्याच काढतात. मला विंचू हवा. आई ओरडली. मी म्हटलं, मग नकोच. शेवटी विंचूच काढला."

"आणि जागा?" लेकीने विचारलं. "जागा कोणी ठरवली?"

"मीच. मला दिसेल तिथे." त्यांनी हात उलटा केला. "दळताना, कांदा चिरताना समोर असतो. लोकांसाठी कशाला सुया टोचून घ्यायच्या?" मग डाग जरा जवळ नेऊन बघितला. "नांगी पार पुसट झालीय पण. तुझ्या त्या मुलाला म्हणावं, तेवढी गडद करून देतोस का?"

मला वाटलं, थट्टा. पण पुढच्या शनिवारी त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये सुट्टे पैसे घेऊन तयार. तो मुलगा चपापला. एकोणऐंशी वर्षांचं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी घेता का, असं विचारू लागला. "गोळ्या तू कशाला मोजतोस, विंचू बघ," असं त्याला ऐकावं लागलं. तरी पोरगं शहाणं. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, म्हणाला. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला ना?" मी मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

नांगीला पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांनी हात हलवला नाही, हूं की चूं केलं नाही, फक्त यंत्राचा आवाज ऐकून "मिक्सरची बुशिंग गेलीय का रे?" एवढं विचारलं. एवढ्याशा कामाचे पैसे नकोत, असं तो म्हणत होता. तर त्यांनी पन्नासची नोट त्याच्या खिशात घातली आणि वर घासाघीस करायला मिळाली नाही म्हणून वाटेत कुरकुरल्या. त्या संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला तो मुद्दाम डाव्या हाताने.

त्याच दिवशी स्टुडिओत त्या मुलाने माझ्या तुळशीचा छापाचा कागदही तयार ठेवला होता. हा कातडीवर दाबला की जांभळी रेघ उमटते, जागा नाही पटली तर स्पिरिटने पुसून दुसरीकडे. त्याने हाताच्या आतल्या बाजूला लावून दाखवला. पुसला. जरा वर लावला. पुसला. जरा तिरका लावला. चौथ्यांदा स्पिरिटचा बोळा घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले, तेच मी घोडबंदर रोडच्या एका एजंटाच्या चेहऱ्यावर आम्हाला अकरावा फ्लॅट दाखवताना पाहिले होते. सासूबाई बाजूच्या खुर्चीत नांगीवर प्लास्टिक गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुला दिसतंय ना तिथून? मग झालं."

मला दिसत होतं. अडचण अशी, की साहेबांनाही दिसलं असतं.

सध्या टिकली डाव्या हाताला आहे, कोपराच्या चार बोटं खाली, आतल्या बाजूला. कांदा चिरताना दिसते. बाही ओढली की झाकते, पण मागच्या दोन दिवसांत मी ओढलेली नाही. अजून डिपॉझिट दिलेलं नाही.